वापरलेल्या पॉवर्ड स्पीकरमधला तोच दोष परत परत येतो तेव्हा

वापरलेला पॉवर्ड स्पीकर दुरुस्त करून आणावा, तो काही कार्यक्रम व्यवस्थित वाजावा आणि मग त्यात तोच दोष पुन्हा डोके वर काढावा, हा प्रकार अशा स्पीकरच्या अनेक मालकांच्या ओळखीचा असतो. जळलेला किंवा तुटलेला भाग बदलला जातो, पण तो कशामुळे जळला याचा शोध राहून जातो, हे त्यामागचे नेहमीचे कारण. पॉवर्ड स्पीकरच्या एकाच खोक्यात प्रीअ‍ॅम्प (आलेला सिग्नल वाढवणारा पहिला टप्पा), डिजिटल प्रोसेसर, वूफरचा (खालचे सूर वाजवणारा) आणि हॉर्नचा (वरचे सूर वाजवणारा भोंगा) स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर, वीजपुरवठ्याचे सर्किट आणि प्रत्यक्ष आवाज काढणारे दोन ड्रायव्हर असे सारे काही कोंबलेले असते, आणि ही सर्व यंत्रणा वूफरच्या हादऱ्यांत व स्वतःच्याच उष्णतेत वर्षानुवर्षे काम करत राहते. त्यामुळे एका जागी निर्माण झालेला दोष पुष्कळदा दुसऱ्याच जागी ऐकू येतो.

म्हणून कोणता भाग खराब झाला असेल याचा अंदाज बांधण्याआधी दोषाचा आवाज कशाने बदलतो ते पाहावे. नॉब फिरवल्याने तो कमी-जास्त होतो का, इनपुटची केबल काढल्यावर थांबतो का, स्पीकर अर्धा तास चालल्यावरच सुरू होतो का, खोक्यावर हलकी थाप मारल्यावर येतो-जातो का, आणि तो एखाद्या ठरावीक सुरालाच होतो का, या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक वेळा शोधाचे क्षेत्र एखाद्या बोर्डापुरते किंवा एका ड्रायव्हरपुरते मर्यादित होते.

खोका उघडण्यापूर्वी

पहिली तपासणी अगदी साधी असूनही तीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते. वापरलेल्या स्पीकरमध्ये आधीच्या मालकाने केलेली मांडणी तशीच राहिलेली असू शकते. त्याने सबवूफर वापरला असेल तर १०० किंवा १२० हर्ट्झचा, म्हणजे त्याखालचे सूर कापणारा, हाय-पास फिल्टर चालू असेल, आणि नव्या मालकाला वूफर अशक्त झाल्याचा भास होईल. मॉनिटर प्रीसेटमध्ये (जमिनीवर आडवा ठेवून कलाकाराकडे वळवण्यासाठीच्या तयार मांडणीत) ठेवलेला स्पीकर खांबावर चढवला तर आवाज पातळ वाटतो. डिले, म्हणजे आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडण्याची सोय, लावलेला स्पीकर शेजारच्या स्पीकरसोबत वाजवला तर आवाज पोकळ होतो. डिजिटल मेनू असलेल्या स्पीकरला म्हणूनच सर्वप्रथम कारखान्याच्या मूळ मांडणीवर आणावे, आणि मेनू नसल्यास पाठीमागचा प्रत्येक स्विच डोळ्यांनी पाहून घ्यावा. माइक-लाइन स्विचकडे विशेष लक्ष द्यावे. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, तर व्यावसायिक मिक्सरची +४ डीबीयू ही प्रमाण पातळी सुमारे १.२३ व्होल्ट इतकी असते. स्विच माइकवर ठेवून मिक्सर जोडला तर प्रीअ‍ॅम्पमध्येच आवाज फाटतो, आणि वूफर बदलायला निघालेला माणूस निष्कारण खर्चात पडतो.

यानंतर सर्व केबल काढून, सर्व नॉब शून्यावर ठेवून स्पीकर नुसता चालू करावा आणि शांत खोलीत कान देऊन ऐकावे. अशा अवस्थेतही मोठी गुणगुण येत असेल तर दोष स्पीकरच्या आत, आणि तोही व्हॉल्यूमच्या नॉबनंतरच्या टप्प्यात किंवा वीजपुरवठ्यात आहे. नॉब वाढवल्यावर गुणगुण वाढत असेल तर ती नॉबच्या आधी शिरते आहे. केबल जोडल्यावरच ती सुरू होत असेल तर स्पीकरला तूर्त दोषमुक्त समजून बाहेरच्या साखळीकडे वळावे.

ज्या स्पीकरला मिक्स आउट असतो, तिथे आणखी एक उपयुक्त चाचणी करता येते. लिंक किंवा थ्रू असे लिहिलेले सॉकेट अनेकदा इनपुटलाच समांतर जोडलेले असते, त्यामुळे ते आतल्या सर्किटविषयी फारसे काही सांगत नाही. मिक्स आउटचा सिग्नल मात्र आतल्या प्रीअ‍ॅम्पमधून गेलेला असतो. तो दुसऱ्या, खात्रीच्या स्पीकरला जोडून आवाज स्वच्छ आला तर प्रीअ‍ॅम्प ठीक आहे आणि दोष त्यापुढे आहे. तिथेही तीच खरखर ऐकू आली तर अ‍ॅम्प्लिफायर आणि ड्रायव्हर यांना हात लावण्याची गरज नाही. स्क्रू न काढता अर्धा स्पीकर तपासून होतो.

केबल बदलून पाहताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, चॅनल आणि सॉकेट एकदम बदलले आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या कार्यक्रमात तो हमखास परत भेटतो.

घरघर, गुणगुण आणि फुसफुस

केबल जोडल्यावर येणारी गुणगुण बहुधा अर्थ लूपची असते. मिक्सर एका सॉकेटमधून आणि स्पीकर दूरच्या दुसऱ्या सॉकेटमधून वीज घेत असला की दोन्हींच्या अर्थमध्ये किंचित फरक पडतो आणि तो केबलच्या शिल्डमधून, म्हणजे बाहेरच्या संरक्षक जाळीतून, वाहू लागतो. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे ही गुणगुण ५० आणि तिच्या पटीतल्या १००, १५० अशा सुरांत ऐकू येते. ६० हर्ट्झच्या प्रदेशात ६० आणि १२०. दोन्ही उपकरणांना एकाच सॉकेटपट्टीवरून वीज देऊन पाहावी. तेवढ्याने गुणगुण गेली नाही तर सिग्नलच्या वाटेत थेट जोडणी तोडून फक्त सिग्नल जाऊ देणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा तसा डीआय बॉक्स घालावा. लॅपटॉप जोडल्यावर किरकिर येत असेल तर त्याचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज तत्काळ थांबला तर कारण हाती लागले.

यावर एक उपाय सर्रास केला जातो, तो म्हणजे स्पीकरच्या वीजप्लगची अर्थची पिन काढून टाकणे. गुणगुण त्याने जाते, हे खरे आहे, पण आत इन्सुलेशनचा काही बिघाड झाला तर स्पीकरची धातूची मागची पट्टी, केबलचे शिल्ड आणि त्यामार्गे गायकाच्या हातातला माइक, हे सारे विजेच्या दाबाखाली येऊ शकते. वापरलेल्या स्पीकरच्या केबलची अर्थ पिन कोणीतरी आधीच कापलेली आहे का, हे प्रत्येकाने पाहावे, आणि कापलेली असल्यास ती केबल दुसऱ्या कोणाच्या हाती लागणार नाही अशी तोडून टाकावी.

घरघर शोधताना सिग्नलची केबल नेमकी कशी आहे तेही पाहावे. दोन टोकांना पाव इंची जॅक असलेली स्पीकर केबल आणि वाद्याची केबल बाहेरून सारख्याच दिसतात, पण स्पीकर केबलला शिल्ड नसते. ती मिक्सर आणि पॉवर्ड स्पीकर यांच्यामध्ये लावली की ती आसपासच्या विजेच्या तारा आणि दिव्यांचे डिमर यांचा सगळा कचरा गोळा करते. तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमध्ये १ नंबरची पिन शिल्डची, २ नंबरची सरळ सिग्नलची आणि ३ नंबरची उलट सिग्नलची असते. २ आणि ३ यांपैकी एक तार तुटली तरी स्पीकर वाजत राहतो, फक्त आवाज कमी होतो आणि गुणगुण वाढते. असा अर्धमेला दोष वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण मालक गेन वाढवून काम भागवत राहतो.

फोनचा स्टीरिओ आउटपुट तीन पट्ट्यांच्या जॅकने थेट बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातला की गायकाचा आवाज आणि ढोल-बास जवळजवळ नाहीसे होतात आणि दूरवरून आल्यासारखे उरलेसुरले संगीत ऐकू येते. बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक घेतो आणि दोन्ही चॅनलमध्ये समान असलेला सिग्नल त्यात कापला जातो. "स्पीकरमधून गाणे येते पण गायक येत नाही" ही तक्रार ऐकली की आधी ही केबल पाहावी.

फुसफुस हा नेहमीच दोष नसतो. हॉर्नमागचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर अतिशय संवेदनशील असतो, त्यामुळे जवळ कान नेल्यास थोडी सळसळ ऐकू येणे स्वाभाविक आहे. मिक्सरचा आउटपुट अगदी खाली आणि स्पीकरचा नॉब पूर्ण वर, अशी मांडणी असेल तर ती सळसळ पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. मिक्सरची पातळी वाढवून स्पीकरचा नॉब मध्यावर आणला की ती कमी होते. दोन सारख्या स्पीकरपैकी एकच जास्त फुसफुसत असेल, तर मात्र त्याच्या प्रीअ‍ॅम्पमधला एखादा आयसी किंवा सुकत चाललेला कपॅसिटर संशयास पात्र ठरतो.

खरखर आणि मध्येच तुटणारा आवाज

नॉब फिरवताना खरखर आली तर पॉटच्या, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रोधाच्या, आतला कार्बनचा पट्टा मळला आहे. वीज बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा आत मारावा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवावा. गंज सोडवण्यासाठी वापरले जाणारे तेलकट फवारे इथे वापरू नयेत. ते काही दिवस काम करतात आणि मग धूळ धरून ठेवतात. खरखर लगेच परत आली तर पट्टा झिजला आहे आणि पॉटच बदलावा लागेल.

नॉबला हात न लावता आवाज मध्येच जाणे हा जास्त त्रासदायक प्रकार आहे. स्पीकर पूर्ण आवाजात असताना वूफरचे हादरे थेट बोर्डावर पोचतात, आणि सर्वांत आधी इनपुट सॉकेट, उभे जड कपॅसिटर, कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या पायांजवळचे सोल्डर तडकते. ही तड केसासारखी बारीक, पायाभोवती गोल असते आणि भिंगाशिवाय दिसत नाही. कमी आवाजात संगीत चालू ठेवून, बोर्डाला न शिवता, फक्त बाहेरून जॅक किंचित डावी-उजवीकडे दाबून पाहावा. आवाज तुटला तर सॉकेटच्या पायांना नव्याने सोल्डर द्यावे, आणि एकच पाय संशयास्पद वाटला तरी त्या ओळीतले सर्व पाय करावेत. एकाच पायाला डाग देऊन परत दिलेले बोर्ड महिन्याभरात परत येतात, कारण शेजारचा पाय तितकाच थकलेला असतो.

त्याचप्रमाणे चपट्या रिबन केबलचे कनेक्टर आणि ड्रायव्हरच्या टोकांवरील दाबून बसवलेले टर्मिनल हळूहळू सैल होतात. ते काढून परत बसवणे पुरेसे ठरते, पण टर्मिनल पक्कडीने हलकेच आवळल्याशिवाय ते पुन्हा सुटण्याची शक्यता राहते. काही जुन्या बोर्डांवर जड भाग धरून ठेवण्यासाठी पिवळसर डिंक लावलेला असतो. उष्णतेने तो तपकिरी झाला की तो वीजवाहक बनू शकतो आणि पायही गंजवतो. असा डिंक दिसला तर तो खरवडून काढावा.

वूफरचाच आवाज जोरात वाजताना तुटत असेल आणि हळू वाजवताना नीट येत असेल, तर टर्मिनलपासून कोनपर्यंत, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या शंकूपर्यंत, जाणाऱ्या लवचीक विणलेल्या तारेवर संशय घ्यावा. कोन पुढे-मागे जास्त हलला की आतून तुटलेली तार क्षणभर विलग होते. मीटरवर ही तार अनेकदा सलग दिसते, कारण मोजताना कोन स्थिर असतो.

आवाज फाटणे आणि हॉर्न जळणे

बोलणे अस्पष्ट, "स" आणि "श" हरवलेले, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा झाला, की हॉर्नचा ड्रायव्हर बंद आहे असे समजावे. या स्पीकरमध्ये साधारण दीड ते अडीच किलोहर्ट्झच्या वरचे सर्व सूर हॉर्नकडे जातात, म्हणून वूफर जोरात वाजत असूनही शब्द कळत नाहीत. ड्रायव्हरच्या दोन्ही तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून मल्टीमीटरवर रोध मोजावा. ८ ओहमचा ड्रायव्हर साधारण ५.५ ते ७ ओहम दाखवतो, १६ ओहमचा १० ते १२ च्या आसपास आणि ४ ओहमचा सव्वातीनच्या जवळ. मीटर काहीच दाखवत नसेल तर व्हॉइस कॉइल, म्हणजे ड्रायव्हरचा पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, तुटली आहे. आकडा फार कमी आला तर कॉइलचे वेढे एकमेकांना चिकटले आहेत. आकडा बरोबर असूनही आवाज येत नसेल तर ड्रायव्हर बहुधा निर्दोष आहे आणि त्याच्यामागचा अ‍ॅम्प्लिफायर तपासायचा आहे.

हॉर्नच्या ड्रायव्हरचा डायफ्रॅम, म्हणजे कॉइलसह येणारा पातळ पडदा, बदलणे अवघड नसते. चुंबकाच्या अरुंद फटीतला जळका चुरा दुमडलेल्या चिकटपट्टीने काढावा, केंद्र साधणाऱ्या पिनांवर नवा डायफ्रॅम बसवावा, स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत आणि हळू चढणारा सूर वाजवून घासण्याचा आवाज येत नाही ना ते ऐकावे. पण दुरुस्ती इथे संपली असे मानले तर नवा डायफ्रॅमही त्याच वाटेने जाईल. "फक्त ट्वीटर (हॉर्न) गेला आहे, बाकी स्पीकर उत्तम" असे सांगून विकला जाणारा स्पीकर मला म्हणूनच सर्वांत जास्त संशयास्पद वाटतो.

डायफ्रॅम वारंवार जळण्याची कारणे मोजकी आहेत. मिक्सरमध्येच फाटलेला सिग्नल स्पीकरकडे येत असेल तर स्पीकरच्या नॉबवर आवाज कितीही खाली ठेवला तरी त्या फाटलेल्या लाटांमधले उंच सूर हॉर्नकडे जात राहतात. लिमिटरचा, म्हणजे फार मोठा सिग्नल आवरणाऱ्या सर्किटचा, दिवा सतत लागलेला ठेवून तासन्‌तास वाजवले तर शिखरे कापली जातात, पण सरासरी शक्ती वाढते आणि बारीक कॉइल तापत राहते. माइकची दीर्घ शिट्टी काही सेकंदांतही कॉइल जाळू शकते. चौथे कारण आतले असते: अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर थेट दाब, म्हणजे डीसी, येणे. नवा डायफ्रॅम जोडण्यापूर्वी, इनपुट न देता, आउटपुटच्या दोन टोकांमधला डीसी मोजावा. काही दहा मिलिव्होल्ट चालतात; व्होल्टमध्ये आकडा आला तर तो अ‍ॅम्प्लिफायर आधी दुरुस्त करावा. अनेक डी-क्लास अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट ब्रिज पद्धतीचे असते आणि त्यातले कोणतेही टोक अर्थला जोडलेले नसते, म्हणून मोजमाप टोकांच्या दरम्यानच करावे आणि ऑसिलोस्कोपचा अर्थचा चिमटा तिथे कधीही लावू नये.

वूफरच्या बाबतीत आवाज फाटण्याची कारणे हाताने शोधता येतात. स्पीकर बंद करून, दोन्ही हातांची बोटे धूळटोपीच्या भोवती समान अंतरावर ठेवून कोन सावकाश आत दाबावा. खरवडल्यासारखे जाणवले तर कॉइल वाकली आहे, किंवा तिचा जळका थर फटीत अडकला आहे. कोनभोवतीची कडा फोमची असेल तर बोटाने हलके दाबून पाहावी. वयाने कुजलेला फोम भुरभुरतो. कोन मोकळा हलत असूनही फरफर ऐकू येत असेल, तर फोनवरच्या टोन जनरेटरने ४० ते ३०० हर्ट्झपर्यंतचा सूर कमी आवाजात हळूहळू चढवावा आणि ज्या सुराला फरफर होते तिथे थांबावे. त्या सुरावर जाळी, मुठी, खांबाची सॉकेट आणि प्रत्येक स्क्रू हाताने दाबून पाहावा. वूफर फाटला म्हणून आणलेल्या स्पीकरमध्ये कित्येकदा फक्त जाळीमागचा फोमचा तुकडा निसटलेला किंवा एखादा स्क्रू खोक्यात लोळत असलेला आढळतो.

दुरुस्तीत वूफरच्या तारा उलट जोडल्या गेल्या असण्याची शक्यताही ध्यानात ठेवावी. दोन स्पीकर शेजारी ठेवून एकच मोनो सिग्नल द्यावा. मध्ये उभे राहिल्यावर बास वाढण्याऐवजी विरला, तर एकाचा वूफर किंवा एक केबल उलटी आहे. केबल बदलून फरक पडला नाही तर आतल्या तारा पाहाव्यात.

गरम झाल्यावर बंद पडणारा स्पीकर

थंड असताना उत्तम आणि तासाभराने मुका, अशा स्पीकरची तपासणी पाच मिनिटांत करण्यात अर्थ नाही. वापरलेला स्पीकर घेतानाच तो किमान पाऊण तास बऱ्यापैकी आवाजात वाजवून पाहावा. पंखा असेल तर तो फिरतो का, हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांत धुळीचा नमदा बसला आहे का, आणि मागची बाजू भिंतीला किंवा पडद्याला टेकलेली तर नाही, हे आधी पाहावे. थंड झाल्यावर स्पीकर आपोआप परत चालू होत असेल तर उष्णतेचे संरक्षण आपले काम करत आहे. हवा वाहू लागल्यावरही तो बंद पडत असेल तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि तडकलेले सोल्डर यांकडे वळावे. कपॅसिटरचे तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, म्हणून हीटसिंकच्या शेजारचे कपॅसिटर आधी जातात. वरचा भाग फुगलेला असेल तर निदान सोपे असते, पण न फुगताही ते सुकतात.

चालू करताच टिक-टिक आवाज येणे आणि दिवा लुकलुकणे हे वीजपुरवठा चालू होण्याचा वारंवार प्रयत्न करत असल्याचे लक्षण आहे. अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले असतील किंवा वीजपुरवठ्यातला सुरुवातीचा छोटा कपॅसिटर सुकला असेल. फ्यूज उडाला तर त्याच क्षमतेचा एकच नवा लावून पाहावा. तोही उडाला तर मोठा फ्यूज लावणे म्हणजे बोर्ड जाळणे होय. अशा वेळी दुरुस्ती करणारे सिरीज बल्ब लावून, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून, तपासतात, मात्र स्विचिंग पद्धतीचा पुरवठा बल्बमुळे चालूच होत नाही असेही होते, त्यामुळे बल्ब पूर्ण उजेडाने जळतो (म्हणजे आत शॉर्ट आहे) की क्षणभर उजळून मंदावतो, एवढेच पाहावे.

या भागात मुख्य कपॅसिटरवर मोठा दाब असतो. २३० व्होल्टच्या विजेपासून तिथे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार होतो, आणि पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट असल्यास तो ४०० च्या जवळ जातो. प्लग काढल्यावरही हा दाब काही मिनिटे, बिघडलेल्या सर्किटमध्ये त्याहूनही जास्त वेळ टिकतो. मीटरवर तो उतरल्याचे पाहिल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये, आणि ज्यांना हे मोजण्याचा सराव नाही त्यांनी इथून पुढे काम जाणकाराकडे सोपवावे. त्याच्याकडे जाताना स्पीकरसोबत वरच्या पाच प्रश्नांची उत्तरे लिहून दिली तर त्याचा बराच वेळ वाचतो.

अ‍ॅम्प्लिफायरची प्लेट परत बसवताना तिच्याखालची फोमची पट्टी तुटलेली किंवा सरकलेली नाही ना, हे पाहावे. खोक्याला फट राहिली तर बासच्या ठोक्याला तिथून हवा फुसकारते आणि नुकताच दुरुस्त झालेला वूफर पुन्हा फाटल्यासारखा ऐकू येतो. प्लेटच्या कडेने ओला हात फिरवला की हवेची फट कुठे आहे ते कळते. सगळे स्क्रू आवळून, खोका बंद करून, तो नेहमी जसा उभा किंवा आडवा वापरला जातो तसाच ठेवून किमान तासभर वाजवावा, कारण उघड्या बोर्डाला मिळणारी थंड हवा बंद खोक्यात मिळत नाही.